पॉइंटवर मालदीवमध्ये पाच रात्री: खोलीचे पैसे वाचतात, बेटाचे नाही

तुम्ही विचारलंय की मॅरियट हॉटेलसमूहाच्या तुमच्या सभासद खात्यात १,२०,००० पॉइंट आहेत, जोडीदाराच्या खात्यात ९०,०००, आणि मे महिन्यात सात वर्षांच्या मुलीला घेऊन मालदीवच्या एखाद्या चांगल्या रिसॉर्टमध्ये पाच रात्री फुकटात राहता येतील का, आणि आखणी कुठून सुरू करायची.

पाच रात्री मिळू शकतील. फुकटात नाही. आणि आखणी पॉइंटपासून सुरू करू नका, बोटीपासून करा. मी हिशेब लिहिणारी बाई आहे, ठाण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये, तरी २०२३ च्या फेब्रुवारीत हे उलट केलं आणि त्याची किंमत मोजली. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून हीच पद्धत आहे. तुम्ही उतरता वेलाना विमानतळावर, माले शहराशेजारच्या हुलहुले बेटावर. तिथून पुढे तुम्हाला न्यायची सोय रिसॉर्टच करतं आणि भाडंही तेच ठरवतं. बेटावर पोहोचलात की कोपऱ्यावर टपरी नाही, उडप्याचं हॉटेल नाही, पाण्याची बाटलीसुद्धा रिसॉर्टकडूनच घ्यायची. पॉइंटनी फक्त खोलीचं भाडं आणि त्या भाड्यावरचा कर सुटतो. बोट, जेवण, जेवणावरचे कर आणि माणशी हरित कर हे सगळं रोख.

जायच्या वाटा तीन. मालेजवळच्या बेटांना स्पीडबोट लागते, येण्याजाण्याचे मोठ्या माणसामागे साधारण १५० ते ३०० डॉलर. लांबच्या बेटांना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, त्याचे ४०० पासून ७०० डॉलरपर्यंत, कुठे त्याहूनही जास्त. तिसरी वाट देशांतर्गत विमान आणि पुढे बोट, जी काही मोजक्या रिसॉर्टना लागू पडते. मॅरियटच्या घरातलं उदाहरण घ्या. शेरटन फुल मून मालेजवळ आहे, स्पीडबोटीने वीसेक मिनिटांत पोहोचता. डब्ल्यू, सेंट रेजिस आणि उत्तरेकडच्या शावियानीतलं जेडब्ल्यू मॅरियट यांना सीप्लेन लागतं. वेस्टिन मिरियांधू बा अटोलमध्ये, म्हणजे बा नावाच्या प्रवाळबेटांच्या समूहात, आहे, तिथे सीप्लेनने जाता येतं किंवा धरवंधूच्या छोट्या विमानतळावर उतरून बोटीने. हॉटेलच्या साइटवर पॉइंटचा आकडा मोठ्या अक्षरात दिसतो, हे भाडं मात्र शोधावं लागतं. आधी ते शोधा.

सीप्लेनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीन-चारच्या पुढे मालेला उतरलात तर त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण बहुधा हुकतं. आमचं तेच झालं. मुंबईहून निघणारं विमान उशिरा सुटलं, आम्ही उतरलो तेव्हा सूर्य कलला होता. ती रात्र हुलहुमालेतल्या एका गेस्टहाऊसमध्ये काढली. विमानतळापासून तिथे रस्त्याने जाता येतं, तेवढं बरं. पण रिसॉर्टमधली पहिली रात्र गेली आणि तिचे ४५,००० पॉइंटही गेले, कारण खोली आमच्या नावावर रिकामी ठेवलेली होती. सासूबाई सोबत होत्या, ६८ वर्षांच्या, संगमनेरच्या, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. नवऱ्याने चार वर्षं कामानिमित्त फिरून जमवलेले ते पॉइंट होते. म्हणून सांगते, सीप्लेनचं बेट घेणार असाल तर दुपारी एक-दीडच्या आत मालेला पोहोचवणारं विमान निवडा. तसं मिळत नसेल तर पहिली रात्र मुद्दाम हुलहुमालेत ठेवा आणि पॉइंटचं बुकिंग दुसऱ्या दिवसापासून करा. नाहीतर सरळ स्पीडबोटीचं बेट घ्या, बोट रात्रीही सोडते.

आता पॉइंट. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री एकाच बुकिंगमध्ये, संपूर्ण पॉइंटवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट कापले जातात. त्यातली सगळ्यात स्वस्त रात्र माफ होते. २०२२ पासून त्यांचे दर ठरावीक तक्त्याप्रमाणे नसतात, तारखेगणिक हलतात. त्यामुळे एकाच रिसॉर्टचे आकडे पंधरा दिवसांच्या अंतराने वेगळे दिसतील. मे महिना तुमच्या बाजूने आहे, कारण तिथला हंगाम डिसेंबर ते एप्रिल आणि मेपासून पावसाळी वारा सुरू होतो.

रात्रीला ५०,००० पॉइंटचं रिसॉर्ट मिळालं असं धरू. पाच रात्रींना २,००,०००. तुमचे दोघांचे मिळून २,१०,००० आहेत, पण दोन खात्यांत. ते एका खात्यात आणावे लागतील. मॅरियट सभासदाला वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्याला फुकट देऊ देतं, म्हणजे जोडीदाराचे ९०,००० एका फटक्यात येतील. खातं अगदी नवीन असेल तर मात्र हे चालत नाही, ते आत्ताच पाहून घ्या. आणि दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट बाद होतात, जोडीदाराच्या खात्याची तारीख तपासा.

बँकेच्या कार्डावरचे पॉइंट हॉटेलकडे वळवायचा विचार असेल तर आधी रिसॉर्टच्या साइटवर तुमच्या तारखांना खोली प्रत्यक्ष दिसते का ते बघा आणि मगच वळवा. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. घाईने वळवून मग तारखा न मिळालेले दोन जण माझ्याच ऑफिसात आहेत.

हा सौदा परवडतो का? रोखीत त्या खोलीचे ५०० डॉलर मागत असतील तर पुढे दोन अधिकचिन्हं असतात. त्यांचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन जीएसटी. आम्ही गेलो तेव्हा तो १६ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून १७ झाला. म्हणजे ५०० चे होतात ६४३.५०. डॉलर ९० रुपये धरला तर रात्रीचे सुमारे ५८,०००, पाच रात्रींचे २ लाख ८९ हजारांच्या वर. दोन लाख पॉइंटनी भागलं तर पॉइंटमागे जवळपास १ रुपया ४५ पैसे. माझ्या मते एक रुपयाच्या वर काही मिळत असेल तर पॉइंट वापरावेत. त्याखाली येत असेल तर रोख भरा आणि पॉइंट राखून ठेवा.

पण याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला रोख खर्च लिहा. स्पीडबोट दोघांची, माणशी २०० धरून, ४०० डॉलर. हरित कर १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर आहे, आमच्या वेळी ६ होता. तिघांचे पाच दिवसांचे १८०. मुलीचा कर पूर्ण लागतो, सूट फक्त दोन वर्षांखालच्या बाळांना. जेवणाचं हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, माणशी १०० डॉलर म्हणाले तर करांसह १२८.७० पडतात. दोघांचे पाच दिवसांचे १,२८७. बेरीज १,८६७ डॉलर, म्हणजे १ लाख ६८ हजार रुपये. मुलीची बोट आणि विमानाची तिकिटं अजून यात नाहीत. स्पीडबोटीऐवजी ६०० डॉलरचं सीप्लेन घेतलं तर फक्त तुम्हा दोघांचेच ७२,००० वाढतात. म्हणूनच म्हटलं की बोटीपासून सुरुवात करा. रात्रीला दहा हजार पॉइंट कमी लागणारं लांबचं बेट शेवटी महाग पडू शकतं.

नाश्त्याबद्दल गैरसमज नको. मॅरियटच्या बहुतेक रिसॉर्टमध्ये सभासदत्वाच्या प्लॅटिनम दर्जापासून पुढे नाश्ता मिळतो. सिल्व्हर किंवा गोल्डला तो हक्क नाही. तुमच्यापैकी एकाचा प्लॅटिनम असेल तर पॉइंट त्याच्याच खात्यात गोळा करून बुकिंग त्याच्या नावावर करा, कारण पाच दिवसांचा नाश्ता ही लहान रक्कम नाही.

बुकिंग करताना पाहुण्यांच्या संख्येत मुलगी धरून शोधा. दोघांची खोली घेऊन तिसरीला तिथे गेल्यावर सांगू, असं करू नका. पॉइंटवर मिळते ती साधी खोली, बहुतेक वेळा वाळूवरची किंवा बागेतली. पाण्यावरचा व्हिला हवा असेल तर वरून पॉइंट किंवा पैसे लागतात. मी तुमच्या जागी असते तर घेतला नसता. सात वर्षांच्या मुलीसोबत खोलीच्या दारातून थेट खोल पाणी नको, आणि काही रिसॉर्ट लहान मुलांना तिथे ठेवतही नाहीत. वाळूवरच्या खोलीतून ती सकाळी उठून धावत पाण्यात जाईल आणि तुम्ही चहा घेत तिच्याकडे बघू शकाल.

बुकिंग झालं की रिसॉर्टला एक ईमेल लिहा. त्यात चारच गोष्टी विचारा: आमच्या विमानाच्या वेळेला बोट किंवा सीप्लेन आहे का, मोठ्यांचं आणि मुलीचं भाडं करांसह किती, हाफ बोर्ड मुलीला माफ आहे का, आणि बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख कोणती. मालदीवमध्ये ही तारीख महिनाभर आधीचीही असू शकते. उत्तर लेखी ठेवा. शाकाहारी असाल तर तेही लिहा. तिथल्या स्वयंपाकघरांत भारतीय माणसं बरीच असतात. आमच्याकडे केरळचा एक आचारी होता, त्याने सासूबाईंसाठी रोज रात्री वरण आणि फुलके केले. न मागता, दुसऱ्या दिवसापासून. दुपारसाठी आम्ही ठाण्याहून मेथीचे ठेपले, खाकरे आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते, त्यामुळे दुपारचं जेवण विकत घ्यावं लागलं नाही. दारू मात्र बरोबर नेऊ नका, ड्यूटी फ्रीमधलीही नाही. विमानतळावर काढून घेतात.

सीप्लेनमध्ये सामानाचं वजनही मोजतात, सहसा २० किलो आणि हातातलं ५. व्हिसा भारतीय पासपोर्टला उतरल्यावर फुकट मिळतो. आयमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, त्यालाही पैसे नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. विमानाचं तिकीट मैलांवर, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटवर, काढलंत तरी परतीचा कर द्यावाच लागतो: इकॉनॉमीला निर्गमन कर ५० डॉलर आणि विमानतळ विकास शुल्क ५० डॉलर, माणशी. रिसॉर्टचं बिल परकीय चलनावर कमी शुल्क घेणाऱ्या कार्डाने भरा. साध्या कार्डावर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी जातो, आणि १,८६७ डॉलरवर ते सहा-सात हजार रुपये होतात.

मे महिन्यात पाऊस येईल, वारा असेल, एखादा दिवस समुद्र खवळलेला असेल. ते धरून चला. जूनपर्यंत थांबता आलं आणि बा अटोलचं भाडं पेलत असेल, तर हनिफारू उपसागरात मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पर असलेले मोठे मासे, जमायला लागतात. तिथे फक्त स्नॉर्केलिंग करू देतात, टाक्या लावून बुडी मारता येत नाही. पण शाळा सुरू होत असेल तर त्यासाठी ओढाताण करू नका. रिसॉर्ट निवडताना हाउस रीफ, म्हणजे किनाऱ्यालगतचं प्रवाळ, चांगलं आहे का एवढं मात्र आवर्जून बघा. ते असलं की बोटीच्या सहली विकत घ्याव्या लागत नाहीत.

आमच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी इतकं नितळ की पायाची बोटं मोजता यावीत. काळ्या टोकाच्या परांची शार्कची पिल्लं, हातभर लांब, त्यांच्या घोट्यांभोवती फिरत होती. मी घाबरून हाक मारली तर त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. अर्धा तास त्या तशाच उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "प्रवरेत लहानपणी मासे असे पायाशी यायचे."

तुमच्या तारखा आणि दोन-तीन रिसॉर्टची नावं ठरली की इथेच खाली लिहा. बोट आणि जेवणाचे आकडे मिळाले की मी तुमचा कागद मांडून देते.