गावाच्या जुन्या खुणा शोधायला ड्रोन कितपत उपयोगी पडतो?

गोव्यातील आपल्या गावाच्या जुन्या अवशेषांची नोंद ड्रोनने करता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. जरूर करता येईल. मात्र देवळापासून किंवा किल्ल्यापासून नव्हे, तर खाजनापासून, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीपासून, सुरुवात करावी, असे मी अनुभवाने सांगेन.

डोंगरउतारावरचे अवशेष बहुधा काजूच्या बागांखाली आणि रानाखाली दडलेले असतात, आणि साध्या कॅमेऱ्याला पानांखालचे काही दिसत नाही. त्यासाठी लायडार, म्हणजे पानांच्या फटींतून लेसर सोडून जमीन मोजणारे उपकरण, लागते व ते फार खर्चिक आहे. खाजन मात्र उघडे असते. भरतीचे खारे पाणी अडवणारे बांध आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, ही आपल्या गावकरीने, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेने, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली रचना आहे. तिच्या बुजलेल्या खुणा एप्रिल-मेमध्ये, शेते सुकल्यावर, स्पष्ट होतात, कारण भरून गेलेल्या जुन्या ओहोळाची माती ओल अधिक काळ धरते आणि वरून गडद दिसते.

आमच्या गावात असाच एक गडद, वाकडा पट्टा मला छायाचित्रात दिसला. तिथल्या बांधावरून मी लहानपणापासून चालत आलो होतो, पण तो कधी जाणवला नव्हता. छापील चित्र गावकरीच्या एका वृद्ध सदस्याला, गावकाराला, दाखवले, तेव्हा त्यांनी पट्ट्याच्या टोकावर बोट ठेवून "हांगा पोरनी मानस आशिल्ली" (इथे जुनी मानस होती) असे सांगितले. ओहोटीला तिथे गेलो, तर चिखलात जांभ्याचे दोन चिरे निघाले आणि दोन्हींवर फळ्या सरकवण्यासाठी कोरलेली उभी खाच होती. तो पट्टा मानशीकडे जाणारा ओहोळ होता, हे एकट्या ड्रोनने मला कधीच कळले नसते.

लागोपाठची छायाचित्रे एकमेकांवर 70 ते 80 टक्के येतील अशी घ्यावीत आणि जमिनीवर मोजलेल्या खुणा ठेवाव्यात, म्हणजे त्यांतून मापाचा नकाशा तयार होतो. उंचसखलपणा टिपायचा असेल, तर सकाळचे तिरपे ऊन हवे. कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळच्या कातळचित्रांसारख्या उथळ रेषा भर दुपारी जवळजवळ नाहीशा होतात.

उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा अवश्य पाहावा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे नकाशावरील हिरव्या, म्हणजे निर्बंध नसलेल्या, क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पण दाबोळीला नौदलाचा तळ आणि उत्तरेला मोपा विमानतळ असल्यामुळे गोव्यात हे गृहीत धरता येत नाही. संरक्षित स्मारकावर उडवायचे असल्यास पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहून ठेवावी, कारण खाजनाचा तोच तुकडा सहा तासांनी अगदी वेगळा दिसतो.