फक्त पियानो आणि आवाज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल तुझं नुसत्या पियानोवरचं गाणं हेडफोन लावून शांतपणे ऐकलं. 'रिकामं वाटतंय का? दुसऱ्या अंतऱ्यापासून स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) टाकू का, निदान हलका ठेका?' असं तू विचारलं आहेस. रिकामं वाटतंय, हे खरं. पण स्ट्रिंग्जनी ते भरणार नाही.

ब्रिटिश गायिका ॲडेलचं 'समवन लाइक यू' तुला पाठ असेल. आता ते गाणारीच्या नव्हे, बांधणाऱ्याच्या कानानं ऐक. पहिलं कडवं ती गिटारवर घेऊन आली होती. डॅन विल्सन या गीतकार-निर्मात्याबरोबर बसून तिनं ते पियानोवर पुरं केलं आणि दोन दिवसांत डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, झाला. पुढे तोच डेमो '२१' या अल्बममध्ये गेला. ड्रम नाही, बेस गिटार नाही, स्ट्रिंग्ज नाहीत. पियानोवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, एकेक सुटे होऊन एकाच चालीनं वाजत राहतात आणि खालचा स्वर पांढरी सहावरून (पेटीची सहावी पांढरी पट्टी) पायरी-पायरीनं उतरतो. दुःखाचं गाणं, पण स्केल मेजर, म्हणजे सहसा आनंदी वाटणारी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रडवेपणा सुरावटीनं आधीच उरकून टाकला असता, तर शब्दांना काम उरलं नसतं.

आणि शब्द बघ. पहिल्याच ओळीत बातमी आहे: तुझा संसार मांडून झाला असं कानावर आलं. मग ती न बोलावता त्या जुन्या प्रियकराच्या दारात उभी राहते. कोण, कोणाशी, कुठे उभं राहून बोलतंय, हे ध्रुवपद यायच्या आधीच कळलेलं असतं. कडवं खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं. ध्रुवपदाला आवाज वर चढतो तो तिला जड जाईल इतका, आणि ते जड जाणं आपल्याला ऐकू येतं. पियानो मात्र आपल्या जागी असतो. तो तिच्याबरोबर भावुक झाला असता तर मजा गेली असती.

तुझ्या पहिल्या अंतऱ्यात पाऊस आहे, चंद्र आहे, ओली वाट आहे, डोळे आहेत. चांगले शब्द आहेत, पण ते कोणाच्याही गाण्यात चालतील. तू कोणाशी बोलते आहेस? त्या माणसानं काय केलं? एक गोष्ट सांग, घडलेली. पोकळी तिथे आहे. ठेका टाकलास तर ती ऐकू येणार नाही, एवढंच.

दुसरं, 'विसरलास' हा शब्द. त्याच्या ऐन मध्यावर तू श्वास घेतलास, नंतर ती ओळ पंच करून (तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून) बसवलीस आणि वर सॉफ्टवेअरनं ट्यून केलीस. मोठ्या ट्रॅकमध्ये हे खपून जातं. इथे कानाला शिवण लागते. ती ओळ अख्खी, एका दमात गा. थोडी हलली तर हलू दे.

आता लोकांच्या प्रतिसादाबद्दल, कारण त्याची धास्ती तुझ्या निरोपात ओळीओळीत आहे. जानेवारी २०११ मध्ये 'समवन लाइक यू' बाहेर आलं आणि काही आठवड्यांनी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळीसच्या बाहेर होतं. १५ फेब्रुवारीला लंडनच्या ओटू अरीनात ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या रात्री ॲडेल नुसत्या पियानोच्या साथीनं उभी राहिली. बावीस वर्षांची मुलगी. त्या आठवड्याच्या यादीत गाणं थेट पहिलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतही पहिलं, आणि २०१२ मध्ये ग्रॅमी. त्या रात्रीचं चित्रीकरण बघ आणि शेवटाकडे तिच्या चेहऱ्याकडे लक्ष दे. पण 'एका रात्रीत नशीब उघडलं' एवढंच त्यातून उचलू नकोस. त्या रात्री जे लोकांपर्यंत पोचलं, ते डेमोतच होतं. रंगमंचानं त्यात काही घातलं नाही, फक्त सगळ्यांना एकाच वेळी ऐकवलं.

पुढे या गाण्यानं रडू का येतं याचा शोध सुरू झाला. मूळ स्वरावर येण्याआधी शेजारच्या स्वराला टेकून येणाऱ्या जागांना वर्तमानपत्रांनी श्रेय दिलं, आणि संगीताच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले. तू त्या फंदात पडू नकोस. तसे कणस्वर आपल्याकडे गल्लोगल्ली गायले जातात, पण त्या प्रत्येकानं रडू येत नाही. हिशेबानं टाकलेली हरकत उघड्या गाण्यात लगेच पकडली जाते.

तेव्हा आधी पियानो बंद कर. घरात कोणालातरी समोर बसवून नुसत्या तानपुऱ्यावर अख्खं गाणं गा. कुठल्या ओळीला त्यांची नजर मोबाइलकडे जाते ते टिपून ठेव. त्याच ओळी बदलायच्या आहेत. पट्टीही बघ: पांढरी पाचमध्ये तुझं ध्रुवपद फार सहज निघतंय. काळी चार घेऊन बघ, आणि जमलं तर पांढरी सहा. आवाज फाटत असेल तर मात्र हट्ट करू नकोस, गळा एकच आहे. खुद्द ॲडेललाही २०११ च्या अखेरीस गळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती.

पहिला अंतरा नव्यानं लिहून झाला की आधी कागदावर पाठव, चालीशिवाय. रेकॉर्डिंगचं मग बघू. पियानोवाल्या मित्राला माझ्याकडून सांग की त्याचा संथपणा मला आवडला, दुसऱ्या अंतऱ्यातली भरती तेवढी काढून टाक म्हणावं.

तुझा,
सर