भूतान 'मांडलिक' होते की 'संरक्षित'?

प्रश्न असा आहे : एका लेखात 'भूतान २००७ पर्यंत भारताचे मांडलिक राष्ट्र होते' असे वाक्य आहे, तर दुसरीकडे त्याच काळासाठी 'संरक्षित राज्य' असा शब्द वापरला आहे. यांतला बरोबर कोणता?

दोन्ही चुकीचे आहेत, पण चूक एकसारखी नाही. 'मांडलिक' मुळातच बसत नाही. 'संरक्षित' बसतो असे वाटते, पण तहाचा मजकूर समोर ठेवला की तोही निसटतो.

आधी मांडलिक. थोरल्या राजाची अधिसत्ता मानणारा, त्याला खंडणी पोचवणारा आणि बोलावणे आले की आपले सैन्य घेऊन हजर होणारा राजा तो मांडलिक. या नात्यात पैसा नेहमी खालून वर जातो. भूतानच्या बाबतीत तो वरून खाली आला आहे, आणि ही गोष्ट या शब्दाचा निकाल लावायला पुरेशी आहे. १८६४-६५ च्या युद्धानंतर ११ नोव्हेंबर १८६५ रोजी सिंचुला येथे तह झाला आणि भूतानचे अठरा दुआर ब्रिटिशांकडे गेले. (दुआर म्हणजे आपले द्वार, दार. डोंगरातल्या वाटा जिथे मैदानात उतरतात ती तोंडे. अकरा बंगालच्या बाजूला, सात आसामच्या. अलीपूरदुआर या गावाच्या नावात तो शब्द अजून आहे.) या प्रदेशाच्या बदल्यात ब्रिटिशांनी वार्षिक रक्कम कबूल केली. ती २५ हजार रुपयांपासून सुरू होऊन ३५, मग ४५ आणि पुढे कायमची ५० हजार व्हायची होती. ८ जानेवारी १९१० च्या पुनाखा तहाने ती एक लाख झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला स्वतंत्र भारताने केलेल्या तहात पाच लाख.

या रकमेला मराठीत काय म्हणायचे, हा पोटप्रश्नही महत्त्वाचा. काही जण 'तनखा' लिहितात. तो टाळावा. विलीन झालेल्या संस्थानिकांना मिळत होता तो तनखा, आणि भूतान कुठेही विलीन झाले नव्हते. 'अनुदान'ही नको, कारण अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. १९४९ च्या तहाच्या तिसऱ्या कलमात आधीच्या रकमेचा उल्लेख 'कॉम्पेन्सेशन' असा आहे. म्हणजे भरपाई. गेलेल्या जमिनीची भरपाई. हाच शब्द वापरावा. त्याच तहाने देवनगिरीचा सुमारे ३२ चौरस मैल मुलूख भारताने भूतानला परतही केला.

आता संरक्षित राज्य. हा 'प्रोटेक्टोरेट'चा प्रतिशब्द म्हणून चांगला आहे, आणि तो कुठे शोभतो ते शेजारीच दिसते. ५ डिसेंबर १९५० रोजी भारताने सिक्कीमशी तह केला. त्यात सिक्कीम हे भारताचे प्रोटेक्टोरेट राहील असे शब्दशः लिहिले आहे, सिक्कीमच्या संरक्षणाची जबाबदारी भारताची असे आहे, आणि सिक्कीमचे परराष्ट्र संबंध केवळ भारत सरकार चालवील असेही आहे. सिक्कीम १९७५ पर्यंत संरक्षित राज्य होते, हे वाक्य निर्धास्त लिहावे.

भूतानच्या १९४९ च्या तहात यातले काहीच नाही. प्रोटेक्टोरेट हा शब्द नाही, संरक्षणाची हमी देणारे कलम नाही. भूतानवरचा हल्ला भारतावरचा हल्ला समजू, असे नेहरू १९५९ मध्ये संसदेत म्हणाले ते तहाचे कलम म्हणून नव्हे, धोरण म्हणून. वादाचे सगळे मूळ दुसऱ्या कलमात आहे. त्याचा आशय असा : भूतानच्या अंतर्गत कारभारात भारत सरकार हस्तक्षेप करणार नाही, भूतान सरकार आपल्या परराष्ट्र संबंधांत भारत सरकारच्या सल्ल्याने चालण्याचे मान्य करते. ही वाक्ये १९१० च्या तहातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहेत, फक्त ब्रिटिश सरकारच्या जागी भारत सरकार आले.

खरा शब्दविचार इथे आहे. 'सल्ल्याने चालणे' याचा अर्थ काय? मराठीत सल्ला घेणे, सल्ला मानणे आणि सल्लामसलत करणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. घेणाऱ्याने तो मानलाच पाहिजे असे नाही. मसलतीत दोघेही बोलतात. 'सल्ल्याने चालणे' यांच्या मधोमध उभे आहे : सल्ला विचारायचा, त्याला वजन द्यायचे, पण चालणारे पाय आपले. (जुन्या बखरींत 'सला करणे' म्हणजे तह करणे. तो अर्थ आता गेला.) सल्ला विचारणे आपल्यावर आहे, शेवटचा निर्णय आपला, असाच अर्थ भूतानने लावला. भाषेच्या अंगाने तो मला रास्त वाटतो, आणि त्याला आधार तहातच आहे. सहाव्या कलमात शस्त्रास्त्रांची आयात भारताच्या 'साहाय्याने आणि संमतीने' करायची असे म्हटले आहे. म्हणजे मसुदा करणाऱ्यांना संमती हा शब्द ठाऊक होता. जिथे संमती हवी तिथे त्यांनी ती लिहिली, परराष्ट्र संबंधांत मात्र सल्ल्यावर थांबले. म्हणून दुसऱ्या कलमाचे भाषांतर 'भारताच्या संमतीनेच परराष्ट्र धोरण ठरेल' असे करणे हा अर्थाचा सरळ विपर्यास आहे. ही चूक वारंवार होते, कारण भाषांतर करणारे इंग्रजी मजकुरातल्या 'गाइडेड' या शब्दावरून 'मार्गदर्शन'वर जातात, तिथून 'नियंत्रण'वर घसरतात.

अर्थात कागदावरचा शब्द एकटा पुरत नाही, हे मराठी वाचकाला वसईच्या तहावरून कळते. ३१ डिसेंबर १८०२ च्या त्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कबूल केले होते की कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय कोणत्याही सत्तेशी बोलणी करणार नाही. शब्द पाहा : कळवणे, विचारविनिमय. भूतानच्या 'सल्ल्याने चालणे'पेक्षाही मऊ. पण त्याच तहाने किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा प्रदेश गेला. विचारविनिमयाचा अर्थ त्या फौजेने ठरवला. १९४९ च्या तहात फौज ठेवण्याचे कलम नाही, आणि पैशाची दिशाही उलटी. म्हणून 'तैनाती' हे विशेषणही भूतानला लावू नये.

व्यवहारात सल्ल्याचे वजन भारी होते, हे खरे. सुरुवातीला भूतानशी संबंध गंगटोकचा 'पोलिटिकल ऑफिसर' पाही. कोल्हापूरसारख्या संस्थानांतल्या पोलिटिकल एजंटाची आठवण करून देणारेच हे पद. पुढची पदनामे पाहिली की संबंध कसे सरकले ते कळते : १९६८ मध्ये थिंफूला भारताचा 'विशेष अधिकारी', मग 'प्रतिनिधी', आणि १९७८ पासून दोन्हीकडे पूर्ण वकिलाती. (वकिलात म्हणावे किंवा दूतावास, पण उच्चायुक्तालय नको, ते राष्ट्रकुलातल्या देशांपुरते, आणि भूतान राष्ट्रकुलात नाही.) दरम्यान २१ सप्टेंबर १९७१ रोजी भूतान संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले, तेही भारताच्या पाठिंब्याने. त्याच डिसेंबरात बांगलादेशाला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत ते होते. १९८४ पासून चीनशी सीमेची बोलणी ते स्वतः करत आले आहे.

८ फेब्रुवारी २००७ रोजी नवी दिल्लीत नवा तह झाला. त्यातले दुसरे कलम व्याकरणाच्या नजरेने वाचावे. आधी 'चालण्याचे मान्य करणारा' कर्ता एकटा भूतान होता. आता कर्ता दोन्ही सरकारे : राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर ती एकमेकांशी निकट सहकार्य करतील, आणि कोणीही आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला व हिताला बाधक कामासाठी वापरू देणार नाही. 'सल्ला' शब्दच गेला. शस्त्रांच्या कलमातून 'साहाय्याने आणि संमतीने' हेही गेले. भूतानचे हेतू मैत्रीचे आहेत आणि आयातीतून भारताला धोका नाही याची भारताला खात्री असेपर्यंत, ही अट मात्र १९४९ प्रमाणेच राहिली. तेव्हा '२००७ नंतर भूतानवर कोणतेही बंधन उरले नाही' असेही लिहू नये. हा तह हिंदी, जोङ्खा (भूतानची राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. तिन्ही मजकूर अधिकृत, पण फरक पडल्यास इंग्रजी प्रमाण. म्हणून शंका आली की हिंदी प्रतीवर न थांबता इंग्रजी पाहावी.

मूळ लेखातले वाक्य मी असे बदलेन : '१९४९ च्या तहानुसार भूतान परराष्ट्र संबंधांत भारताच्या सल्ल्याने चालणारे सार्वभौम राज्य होते, २००७ च्या तहात ही तरतूद वगळण्यात आली.' वाक्य लांबते, हे मान्य. एका शब्दात हवेच असेल तर 'मित्रराज्य' चालेल, पण त्यात दुसरे कलम दिसत नाही.