निळ्या रेषेतला वाडा

प्रश्न : ताई, नाशिकला पंचवटीत गोदावरीजवळ आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. आम्ही तिघे भाऊ, घरात अकरा माणसं. एक बिल्डर म्हणतो, "वाडा पुराच्या निळ्या रेषेत येतोय, पर्यावरणाची परवानगी मिळणारच नाही, मिळतोय त्या भावात देऊन टाका." फ्लॅट बघायला गेलो की भाव ऐकून परत येतो. हे नियम आमच्यासारख्यांची घरं अडवायलाच केलेत का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : दादा, तूर्त कशावरही सही करू नका. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून तुम्हाला घाबरवलंय. पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला. तुमच्या वाड्याचा तिच्याशी संबंध नाही.

पूररेषा मात्र खरी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन घर बांधता येत नाही. पण २०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत अधिकृत जुन्या मिळकतीच्या पुनर्विकासाला वाट ठेवली आहे : पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला हवा, आणि बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. प्लॉटचा काही भागच निळ्या रेषेत असेल, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क, उरलेल्या जागेवर वापरता येऊ शकतो. बिल्डरनं हे सांगितलं नसणार.

रेषा पुसा, असं मी कधीच म्हणणार नाही. सप्टेंबर २००८ मध्ये पूर ओसरल्यावर माझ्या मावशीच्या घरी गेले होते, तुमच्याच भागात. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर चिखलाची सरळ रेघ, आणि कोठीतले वर्षाचे गहू फुगून आंबलेले. तो वास अजून नाकात आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघून सामान माळ्यावर चढवणारे आपण लोक, आपल्याला ही रेषा नकाशावाल्यांनी शिकवायला नको.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. वाट कागदावर आहे, पण तिच्यावरून चालायला आर्किटेक्टची फी, लेव्हलचा सर्व्हे, महिनोन्‌महिने हेलपाटे लागतात. शिवाय घर लाल रेषेच्या वर उचलायचं म्हणून तळमजला पार्किंगला गेला की तिघांपैकी एकाचं घर कमी होतं. मोठा बिल्डर हे सोसतो, तीन भावांना जमत नाही. मग वाडा पडतो किंवा पडत्या भावात जातो, आणि माणसं शहराच्या कडेला मखमलाबाद-पाथर्डीकडे भाड्यानं राहायला जातात. नदीकाठी न बांधता आलेल्या घरांसाठी गावात दुसरीकडे जास्त मजले चढवायला मुभा आणि जागा मोकळी करून द्यायला हवी. रेषा पाळणाऱ्याचं तेवढं देणं शहर लागतं.

आता काम. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कुठल्या विभागात येते त्याचा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या जागेपुरता तुकडा) काढा, म्हणजे रेषा अंगणातून जाते की माजघरातून ते कळेल. जुना मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या शोधा, कारण सगळं 'अधिकृत' या शब्दावर अडतं. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर तिघांची वारसनोंद सगळ्यात आधी करा.