मानवी तस्करीविरोधी कामासाठी शासकीय पुरस्कार : प्रस्ताव पाठवण्यापूर्वी

वेश्यावस्तीतून सुटका झालेल्या मुली व स्त्रियांसाठी काम करणाऱ्या आपल्या संस्थेचा आणि तिच्या संस्थापिकेचा शासकीय सन्मानासाठी प्रस्ताव पाठवायचा असेल, तर तो कोठे पाठवावा आणि त्यात सुटकांची संख्या व छायाचित्रे द्यावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, परंतु आधी पहिल्याचे उत्तर देतो.

पद्म पुरस्कार केवळ व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेचे काम देशाला माहीत असले, तरी 2016 मध्ये पद्मश्री मिळाली ती तिच्या संस्थापिका सुनीता कृष्णन यांना. नेपाळमध्ये असेच काम करणाऱ्या 'माइती नेपाळ' संस्थेच्या अनुराधा कोईराला यांना भारत सरकारने 2017 मध्ये हाच सन्मान दिला. नामांकन कोणीही करू शकतो, अगदी स्वतःचेही. मात्र डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सेवेत असलेले सरकारी कर्मचारी त्यास पात्र नसतात. रेल्वे सुरक्षा दलाच्या उपनिरीक्षक रेखा मिश्रा यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लांब पल्ल्याच्या गाड्यांतून एकटी उतरलेली किंवा कोणीतरी सोबत आणलेली शेकडो मुले हेरून सुरक्षित हाती सोपवली. त्यांचा गौरव झाला तो केंद्र सरकारच्या 2017 च्या नारी शक्ती पुरस्काराने. (त्यांच्या कामाची माहिती राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी पाठ्यपुस्तकातही आली, आणि तो सन्मान मला पदकापेक्षा कमी वाटत नाही.) महाराष्ट्र शासनाच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्काराचे राज्य व जिल्हा स्तर समाजसेविकांसाठी आहेत आणि विभागीय स्तर संस्थांसाठी. त्यामुळे संस्थेचा प्रस्ताव विभागीय स्तरासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आणि संस्थापिकेचे पद्म नामांकन केंद्राच्या संकेतस्थळावरून, असे दोन स्वतंत्र प्रस्ताव करावेत.

आता संख्येविषयी. 'इतक्या मुलींची सुटका' हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत टाकण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो, आणि मला तो आकडा सर्वांत कमी विश्वासार्ह वाटतो. धाडीत बाहेर काढलेली प्रत्येक सज्ञान स्त्री स्वतःच्या इच्छेने बाहेर आलेली असते, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात मे 2022 मध्ये स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना धाडीच्या वेळी अटक, दंड वा छळ होऊ नये, असे निर्देश दिले आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेण्यास राज्यांना सांगितले. म्हणून धाडीनंतरचे काम लिहा: बालकांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर मुलीबरोबर कोण उभे राहिले, परराज्यातल्या घराची चौकशी कोणी केली आणि ते घर सुरक्षित नसल्याचे आढळल्यावर काय केले, गावी परतलेली साक्षीदार सुनावणीला हजर राहावी म्हणून कोणती व्यवस्था केली, किती खटले निकालापर्यंत पोहोचले आणि किती जणी पुन्हा त्याच जाळ्यात ओढल्या गेल्या. शेवटचा आकडा लिहायला संस्था बिचकतात. पण जिने तो जपून ठेवला आहे, तिने पाठपुरावा खरोखर केला, हे जाणत्या परीक्षकाला लगेच कळते.

छायाचित्रांबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार बालकाची ओळख उघड करणारा मजकूर वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकणारा गुन्हा आहे. चेहरा धूसर केला, पण खाली गावाचे नाव, शाळेचा गणवेश किंवा 'आमची नर्सिंगला गेलेली मुलगी' असा उल्लेख राहिला, तर गावाला ती ओळखू येतेच. पुरस्कार जाहीर झाल्यावर प्रस्तावातलाच मजकूर उचलून वृत्तपत्रे बातमी करतात, हेही ध्यानात घ्या. छायाचित्रांऐवजी लेखापरीक्षण अहवाल, वसतिगृहाची नोंदणी आणि न्यायालयीन आदेशांच्या नावे झाकलेल्या प्रती जोडा.

पद्म नामांकनातील कार्यपरिचयासाठी कमाल 800 शब्दांची मर्यादा आहे. त्यातील निम्मे शब्द संस्थापिकेच्या बालपणावर आणि संघर्षावर खर्च झालेले मसुदे माझ्या पाहण्यात आले आहेत. आणखी एक किरकोळ बाब: सन्मान मिळालाच, तर तो नावामागे पदवीसारखा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे, तेव्हा लेटरहेड नव्याने छापण्याची घाई करू नये. मसुदा तयार झाला की, तो आपल्या संस्थेत न्यायालयाची कामे पाहणाऱ्या कार्यकर्तीला वाचायला द्या आणि कोणत्या वाक्यावरून कोणती मुलगी ओळखू येते, तेवढेच तिला विचारा.