डर्टी खूण केव्हा पुसावी?

प्रश्न : रत्नागिरीतील आम्ही तिघे मित्र अभ्यासासाठी लिनक्सवर छोटी फाइल सिस्टीम लिहीत आहोत. एकाने सुचवलेल्या बदलात पेजची (मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या तुकड्याची) 'डर्टी' खूण, म्हणजे त्यातला बदल अजून डिस्कवर गेला नसल्याची खूण, डिस्कवरचे लेखन पूर्ण झाल्यावर पुसली जाते आणि एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणाऱ्या लॉकसाठी, वेग हवा म्हणून, म्युटेक्सऐवजी (वाट पाहणाऱ्याला झोपवणारा लॉक) स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला सतत तपासत ठेवणारा लॉक) घेतला आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या आहेत. बदल स्वीकारावा का?

उत्तर : स्वीकारू नये. लेखन चालू असताना दुसऱ्या प्रोसेसने त्याच पेजमध्ये नवी नोंद केली आणि तुम्ही त्यानंतर खूण पुसली, तर तीही नोंद डिस्कवर पोहोचली असे कर्नल (लिनक्सचा गाभा) धरून चालतो, पेज मेमरीतून काढून टाकतो आणि नोंद कोणतीही एरर न देता नाहीशी होते. म्हणूनच लिनक्समध्ये पेज लॉक करून डर्टी खूण आधी पुसतात, 'रायटबॅक (डिस्कवर लिहिणे) चालू' ही खूण लावतात आणि मगच लेखन डिस्ककडे सोपवतात; मधल्या नोंदीमुळे पेज पुन्हा डर्टी होते व पुढच्या फेरीत लिहिले जाते.

तुमच्या चाचण्यांना हे दिसले नसावे, कारण लिहिल्यावर लगेच केलेले वाचन मेमरीतल्या पेजमधूनच होते. मुसळधार पावसात वीज गेली, तर एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचवून मगच परतणारी आज्ञा) न केलेली, मूळ सेटिंगप्रमाणे साधारण 30 सेकंदांतली नोंद हरवू शकते, हे आपल्याकडे संगणकावर काम करणाऱ्याने गृहीतच धरावे. परंतु येथे वीज असतानाही नोंद जाते आणि एफसिंकला डर्टी पेजच न सापडल्याने तो यश कळवतो, हे मला फार गंभीर वाटते. लेखन चालू असताना त्याच पेजवर पुन्हा लिहा, नंतर फाइल सिस्टीम अनमाउंट करून (काढून) पुन्हा माउंट करा (जोडा) आणि मग वाचा, म्हणजे वाचन डिस्कवरून होईल.

स्पिनलॉक हाती असताना कोडला झोपता, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबता, येत नाही. डिस्कची वाट पाहणे तर वर्ज्यच, साधी मेमरी मागणेही झोपवू शकते; त्यामुळे त्या लॉकखाली बोलावलेले प्रत्येक फंक्शन आतपर्यंत वाचावे लागेल. लॉकचा क्रमही तपासा : एका वाटेने अ नंतर ब आणि दुसरीने ब नंतर अ घेतला, तर कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरासमोर अडलेल्या गाड्यांसारखी दोन्ही कामे थांबतील. 2006 पासून कर्नलमध्ये असलेला, लॉकचा क्रम तपासणारा लॉकडेप असा उलटा क्रम प्रत्यक्ष कोंडी होण्याआधी दाखवतो, पण केवळ ज्या वाटा चालल्या त्यांच्यापुरता. एररच्या वाटा क्वचितच चालतात आणि लॉक सोडायचे बहुधा तिथेच राहून जाते, तेव्हा त्या स्वतः वाचा.

मित्राला सांगा की हे लॉक नेमक्या कोणत्या डेटाचे रक्षण करते, ते त्याने बदलाच्या वर्णनात लिहावे.