छातीतलं पाणी आणि सुईची भीती

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तीन आठवडे झाले, संध्याकाळी ताप येतो. आधी श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ यायची. आता दुखत नाही, पण जिना चढताना धाप लागते. एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसलं. डॉक्टर सुईने थोडं पाणी काढून तपासू म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, सुई नको, गोळ्यांनी पाणी जिरेल. सासऱ्यांचा जुना खोकला सोडला तर घरात कुणी आजारी नाही. हा टीबी असेल का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दुखायचं थांबलं याचा अर्थ बरं वाटतंय असा घेऊ नका. फुप्फुसाच्या आवरणाला दोन पदर असतात. सूज आली की ते श्वासागणिक एकमेकांवर घासतात आणि कळ येते. मध्ये पाणी साठलं की पदर लांब होतात, कळ जाते आणि धाप सुरू होते. तुमच्या मुलाचं नेमकं तेच झालेलं दिसतंय. (काही मुलांना ही कळ पोटात जाणवते. अपेंडिक्स म्हणून आणलेल्या मुलाच्या छातीत पाणी निघालेलं मी पाहिलंय.)

टीबीची शंका रास्त आहे, पण नुसत्या एक्स-रेवरून ते सांगता येत नाही. न्यूमोनियानंतरही पाणी होतं, कधी त्याचा पू होतो. पू असेल तर अँटिबायोटिक, बहुधा छातीत नळी, क्वचित दुर्बिणीचं ऑपरेशन. टीबी असेल तर उपचार अगदी वेगळे. म्हणून सुई हवीच. मुलाला बसवून, सोनोग्राफीत जागा बघून, पाठ बधिर करून दोन बरगड्यांमधून सुई घालतात. तुम्ही समोर बसून त्याचे हात धरा, गप्पा मारा. मूल स्थिर राहिलं की काम काही मिनिटांत होतं.

पाणी पिवळसर, त्यात प्रोटीन भरपूर, पेशी बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि एडीए (टीबीत पाण्यात वाढणारं एक एन्झाइम) ४०च्या वर असेल, तर टीबीकडे बोट जातं. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. या पाण्यात जंतू इतके कमी असतात की पुष्कळदा सापडत नाहीत. सोबत मांटू (हाताच्या कातडीत सुई देऊन केलेली टीबीची चाचणी) करतात, बेडका किंवा सकाळी उपाशीपोटी जठरातून काढलेलं पाणीही तपासतात.

आणि सासऱ्यांचा खोकला 'जुना' म्हणून सोडू नका. लहान मुलाला टीबी बहुधा मोठ्या माणसाकडूनच होतो. त्यांचा बेडका आणि एक्स-रे याच आठवड्यात करून घ्या.

टीबी ठरला तर साधारण सहा महिने रोज गोळ्या: पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिना १००० रुपयेही मिळतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा दर महिन्याला वजन करा. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. ताप बहुधा दोनेक आठवड्यांत उतरतो, पाणी सावकाश जिरतं. ते सगळं उपसावं लागत नाही. ताप गेला म्हणून गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत. सारख्या उलट्या, डोळे पिवळे किंवा नजर अंधूक झाली, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना दाखवा. आणि तपासणीपूर्वीच धाप वाढली, ओठ निळसर दिसले, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी.